इंदूआत्याचे बटवे

आमच्या घरी पाहुणा आला की आई पाणी आणायची, बाबा "बसा" म्हणायचे आणि इंदूआत्या विचारायची, "गोळी कुठली चालू आहे?" पाहुणा चाळिशीच्या पुढचा असला म्हणजे पुरे. 'कसे आहात' वगैरे विचारणं तिच्या मते वेळ घालवणं होतं. माणूस कसा आहे ते त्याच्या खिशातल्या गोळ्यांवरून कळतं, तोंडावरून नाही, असं तिचं म्हणणं. पाहुणा गोंधळून खिशातली कागदी पुडी काढायचा. आत्या ती तळहातावर रिकामी करायची, चष्मा पुसून गोळ्या एकेक करून निरखायची आणि त्यातली एक उचलून त्याच्या नाकासमोर धरायची. "ही कशाची?"

"डॉक्टरांनी दिलीये."

"डॉक्टरांनीच दिली असणार, कुल्फीवाल्याने थोडीच दिली? पण कशाची?"

इथे भलेभले गार व्हायचे. कोणी म्हणायचं बीपीची असेल, कोणी म्हणायचं गॅसची. एखादा हुशारी करून "शक्तीची" म्हणाला की संपलंच. मग आत्या शुद्ध मराठी सोडून सरळ अहिराणीवर यायची. "शक्तीनी गोळी नही ऱ्हास भो. शक्ती भाकरमा ऱ्हास." म्हणजे शक्तीची गोळी नसते, शक्ती भाकरीत असते. एवढं झाल्यावर ती त्या माणसाला शांतपणे सगळं समजावून सांगायची आणि त्याच्याकडून पाढ्यांसारखं पाठ करून घ्यायची. पाठ झाल्याशिवाय चहा मिळत नसे. आमच्याकडे येणं काही नातेवाइकांनी बंद केलं ते यामुळेच, असं बाबांचं मत होतं.

आत्या बाबांची थोरली बहीण. नामपूरकडच्या सरकारी दवाखान्यात तिने तीस वर्षं नर्सची नोकरी केली. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल वाईट वाटून घ्यायला ती कोणाला सवड देत नसे. निवृत्त झाल्यावर, ब्याण्णव साली, ती आमच्या जेलरोडच्या घरी राहायला आली. सोबत एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि बीपी मोजायचं यंत्र. आठवड्याभरात तिने आमच्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं बीपी मोजलं आणि तिच्या लक्षात आलं की नाशिकरोडसारख्या शिकल्यासवरल्या वस्तीतही आपण काय गिळतो हे कोणालाच ठाऊक नाही.

याला एक कारण होतं. मेडिकलवाला पाकीट कापून चार गोळ्या द्यायचा आणि गोळीचं नाव नेमकं त्याच्याकडच्या तुकड्यावर राहायचं. घरी येईपर्यंत पांढऱ्या गोळ्या सगळ्या एकसारख्या. मग आत्याने शिलाई मशीन उघडलं. ब्लाउजपिसांच्या उरलेल्या तुकड्यांचे तिने नाडीचे छोटे बटवे शिवले. लाल बटवा हृदयाचा, पिवळा साखरेचा, हिरवा पोटाचा, निळा मनाचा. सकाळी घ्यायची असेल तर वर सूर्य भरलेला, रात्रीची असेल तर चंद्र. आत गोळ्या आणि एक चिठ्ठी, तीत गोळीचं नाव आणि काम. बटवा देवघराशेजारच्या खिळ्याला टांगायचा, म्हणजे देवाला हात जोडताना आठवण होते. दोन वर्षांत गल्लीतल्या घराघरात खिळे ठोकले गेले आणि कोणाच्या घरात काय दुखतं हे खिळ्याकडे बघून सांगता येऊ लागलं.

शेजारचे देशपांडे काका हे आत्याचे पहिले आणि सगळ्यात नाठाळ विद्यार्थी. त्यांना हृदयाच्या झटक्यानंतर ॲस्पिरिनची छोटी गोळी दिलेली होती. काकांना आयुष्यभर ॲस्पिरिन म्हणजे डोकेदुखी एवढंच माहीत. त्यामुळे डोकं दुखेल त्या दिवशीच ते ती घ्यायचे, आणि डोकं दुखलं नाही की गोळी वाचली म्हणून खूश व्हायचे. आत्याने हे ऐकलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. "देशपांडे, डोकेदुखीला मोठी लागते. ही छोटी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. रोज घ्यायची. डोकं दुखो नाहीतर न दुखो, तुमचं डोकं मला या कामात नकोच आहे."

काकांना दुसरी एक गोळी होती, अंगातलं पाणी काढायची. पायावर सूज यायची म्हणून दिलेली. ती त्यांनी महिनाभर घेतलीच नाही, कारण मेडिकलवाला म्हणाला होता की ही लघवीची. "मला लघवीचा काही त्रास नाही," असं काका अभिमानाने सांगत. हृदय दमलं की पाणी साचतं, ते लघवीवाटे काढावं लागतं, हे आत्याने त्यांना घोकवलं. काकांना ते इतकं पटलं की भाच्याच्या लग्नाला नांदगावला जाताना एसटीत चढायच्या आधी, प्रवासात नको विसरायला म्हणून, त्यांनी ती स्टँडवरच घेऊन टाकली. बस ओझरला थांबवावी लागली, मग पिंपळगावला, मग चांदवडच्या घाटात, आणि मनमाडच्या अलीकडे तर कंडक्टरनेच आपणहून बेल मारली. परत आल्यावर काका भांडायला आले. आत्या म्हणाली, "गोळी कशाची ते पाठ केलंत, कधी घ्यायची ते कोण पाठ करणार? मी बसमध्ये येऊ का?"

लाल, पिवळे, हिरवे बटवे हातोहात गेले. निळ्याला मात्र गिऱ्हाईक नव्हतं. आत्याने बारा निळे शिवले, त्यातले अकरा ट्रंकेत पडून. एकच बटवा गेला तो गणिताच्या भामरे सरांकडे. सरांना लिथियम चालू होतं. मन एकदा गच्चीवर जातं आणि एकदा विहिरीत, त्याला जमिनीवर ठेवायची ही गोळी, असं ते वर्गातसुद्धा सांगत. पाणी भरपूर प्यायचं, मीठ अचानक सोडायचं नाही आणि रक्त वेळेवर तपासायचं, हेही त्यांना पाठ होतं. आत्याचा ते आदर्श विद्यार्थी. पण त्यांचीही एकदा फजिती झाली. लिथियममुळे हात थरथरायचा, फळ्यावरचं वर्तुळ बटाट्यासारखं यायचं, म्हणून डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही तर हृदयाची. सर घरी गेले आणि आडवे झाले. तीन दिवसांत त्यांनी पुस्तकं वाटून टाकली, सायकल पुतण्याला दिली आणि मृत्युपत्राचा मसुदा देशपांडे काकांना तपासायला दिला. काकांनी तो वाचायच्या आधी, सरांच्या गोळीचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून, स्वतःचा बटवा उघडला. त्यांच्याकडेही तीच गोळी निघाली.

आत्या सरांच्या उशाशी जाऊन बसली. "सर, हीच गोळी देशपांडेंच्या छातीतली धडधड आवरते आणि तुमच्या हाताची थरथर आवरते. शिपाई एकच, शाळा दोन. तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही. उठा." सर उठले, पण पुतण्याने सायकल काही परत केली नाही. ती गोळी कुठल्या बटव्यात ठेवायची हा प्रश्न आत्याला दोन दिवस पुरला. शेवटी तिने अर्धा लाल, अर्धा निळा असा बटवा शिवला.

आता आईचं सांगते. आत्या आली त्याच्या पुढच्या वर्षी माझी आई हळूहळू गप्प झाली. आधी आम्हाला वाटलं दमली असेल. मग ती गॅसपुढे उभी असताना दूध उतू जायचं आणि ती नुसती बघत राहायची. आंघोळीला जायला तिला दुपार व्हायची. मी तेव्हा दहावीला होते आणि मला तिचा राग यायचा, ही गोष्ट मला अजून लागते. आत्याने आठ दिवस बघितलं आणि नवव्या दिवशी रिक्षा बोलावून तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ॲमिट्रिप्टिलिन, रात्री एक. लगेच गुण येत नाही, तीन-चार आठवडे धीर धरायचा, असं आत्याने आम्हाला चौघांना बसवून सांगितलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी आई दूधवाल्याशी पाण्यावरून कडाकडा भांडली. आत्या देवघरासमोर उभी होती. "लागू पडली," म्हणाली आणि डोळे पुसायला आत गेली.

पण निळा बटवा खिळ्याला टांगायची वेळ आली तेव्हा बाबा मध्ये पडले. बाबा नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, साधे, भिडस्त. "आक्का, दोन पोरी आहेत घरात. निळं दिसलं की स्थळं दारातून परत जातील. लाल शिव. हृदयाची म्हणू." आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईनेच तिचा हात धरला. "वन्सं, माझ्यासाठी नको, पोरींसाठी." आत्याने लाल शिवला. तो तिने शिवलेला एकमेव वाकडा बटवा असेल. मग गल्लीभर झालं की शालिनीवहिनींना छातीचं आहे, आणि लोक आईला पिशवी उचलू देईनात. आईने गोळी दोनदा थांबवून पाहिली. दोन्ही वेळा दूध उतू गेलं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात माझ्या ताईसाठी विंचूरचं स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी, घर चांगलं, मुलगा चांगला, आणि मुख्य म्हणजे ताईला तो आवडला होता. तिने तसं कबूल केलं नाही, पण ती आठ दिवस जेवणात मीठ दोनदा घालत होती. सुपारी फोडायला मुलाकडची पंधरा माणसं येणार होती. त्यांच्यात निर्णय एकाच माणसाच्या हातात, मुलाचे थोरले चुलते आबा. आबांनी मान हलवली की ठरलं. बाबांनी सकाळपासून आम्हाला दहा वेळा बजावलं होतं की कोणी काही बोलायचं नाही. आत्याला तर त्यांनी अक्षरशः हात जोडले. "आज पाहुण्यांच्या गोळ्या विचारू नकोस."

आत्याने खरंच विचारलं नाही. तिथेच चुकलं. विचारलं असतं तर कळलं असतं की आबांना जिभेखाली ठेवायची गोळी लागते आणि ती विंचूरला दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात राहिली आहे. जेवणं झाली. आबांनी आमरसाच्या सात वाट्या घेतल्या. आत्या गल्लीच्या टोकाला एका आजीला इन्सुलिन द्यायला गेली, आणि इकडे आबांनी छातीवर हात ठेवला. "दाटल्यावानी होतंय," म्हणाले. मुलाची आई घाबरून ओरडली, "आबांची जिभेखालची गोळी कुठंय?" शोधाशोध सुरू झाली. देशपांडे काकाही जेवायला होते. पाच वर्षांच्या शिकवणीचं त्या क्षणी चीज झालं. ते उठले, देवघराशेजारच्या खिळ्यावरून लाल बटवा काढला, त्यातली एक गोळी आबांच्या जिभेखाली सारली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "घाबरू नका. लाल म्हणजे हृदयाचंच."

आई, बाबा, ताई आणि मी, चौघंही जागच्या जागी थिजलो. आत्या तेवढ्यात दारात आली.

"काय दिलंत?"

"लाल बटव्यातली," काका म्हणाले. "तुमचीच शिकवण."

आत्याने खिळ्याकडे पाहिलं. आबा तोंड वेडंवाकडं करत म्हणाले, "लय कडू हाय. जीभ बधिर पडली पार."

आत्याने थुंकायला वाटी पुढे केली, पण आबांनी गोळी चावून गिळली होती. आमच्या आईची गोळी आधीच दुखऱ्या हृदयाला मानवत नाही, ठोके बिघडू शकतात, हे आत्या आम्हाला कितीदा तरी बजावायची. म्हणून तर ती बटवा उंच खिळ्याला लावायची. आता दवाखान्यात गेल्यावर काय पोटात गेलंय ते सांगायलाच हवं होतं. आणि ते पंधरा माणसांसमोर सांगितलं की ताईची सुपारी तिथेच संपणार होती. आबांच्या मागे उभे राहून बाबा हाताने नको नको करत होते.  मी आत्याला शब्द शोधताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिने आईला शब्द दिला होता.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात रसाचा डाव तसाच होता. "वन्सं, तुम्ही थांबा," ती म्हणाली. "ती माझी गोळी आहे. हृदयाची नाही, मनाची आहे. मला उदास वाटायचं, उठवत नव्हतं, म्हणून पाच वर्षं घेते. ॲमिट्रिप्टिलिन, पंचवीसची. रात्री एक."

"बरोबर," आत्या म्हणाली. सवय. मग भानावर येऊन तिने आबांची नाडी धरली आणि माझ्यावर ओरडली, "उभी काय राहिलीस, रिक्षा बोलाव."

दवाखान्यात आत्याने डॉक्टरांना गोळीचं नाव, ताकद आणि वेळ एका दमात सांगितली. त्यांनी आबांना यंत्राला जोडून ठेवलं. कार्डिओग्राम चांगला निघाला. छातीत जे दाटलं होतं तो आमरस होता. आबा मात्र झोपले. असे झोपले की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने घोरण्याची तक्रार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, सुपारी फुटली का. मुलाच्या आईने पंख्याकडे बघितलं आणि सगळे सुपारी न फोडताच विंचूरला निघून गेले.

 त्या संध्याकाळी आत्या मशीनपाशी बसून आईच्या लाल बटव्याची शिवण उसवत होती. आई तिच्याजवळ जाऊन बसली. "शालू," आत्या म्हणाली, "माझं चुकलं. माझा भाऊ घाबरट आहे हे मला ठाऊक होतं, मी घाबरायला नको होतं. मी जगाला सांगत फिरले की गोळी कशाची ते सांगा, आणि माझ्याच घरात खोटा बटवा टांगला. माणूस गेला असता काल." आत्याने कोणाची माफी मागितलेली आम्ही त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. आई म्हणाली, "मला हलकं वाटतंय, वन्सं. ताईचं काय होईल माहीत नाही, पण मला हलकं वाटतंय." ताई कोपऱ्यात रडत होती. रडता रडता म्हणाली की तिलाही त्या घरात खोटं बोलत राहायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी आबा एकटेच आले. सोबत कांद्याची गोणी. बाबांनी त्यांना बसवलं, आईने पाणी आणलं. आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आत्याला हळूच म्हणाले, "बाई, त्या दिवशीची गोळी आणखी चार मिळतील का? माझी मंडळी गेल्यापासून, दोन वर्षं झाली, अशी झोप लागली नाय मला."

"किराणा दुकान आहे का इथे?" आत्या म्हणाली. "ती तुमच्या हृदयाला चालायची नाही. झोपच येत नाही, की आणखी काही होतं?"

आबा गोणीची सुतळी चाचपत म्हणाले, "जेवण गोड लागत नाय. गाळ्यावर बसलं तरी कशात मन नाय. त्या दिशी रस तेवढा कसा खाल्ला कोण जाणे. कोणाला सांगायचं हे?"

"मला सांगितलंत ना आता," आत्या म्हणाली आणि चपला पायात घातल्या. त्याच दुपारी ती त्यांना आईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून वेगळी, आबांना चालेल अशी गोळी दिली. परत आल्यावर आबांनी चहाआधी आत्यासमोर सगळं पाठ म्हणून दाखवलं आणि मग बाबांकडे वळले. "पोराच्या आईचं मन कचरतंय. पण पंधरा माणसांत खरं बोलली तुमची बाई. तशी सोयरीक मला परत मिळायची नाय. सुपारी काढा." ताई आतून धावत आली आणि दारातच थांबली, कारण सुपारी आणायला कोण गेलं हे तिला बघायचं होतं. बाबा गेले होते.

आत्या दोन हजार पाचच्या जानेवारीत गेली. शेवटची दोन वर्षं तिचंही हृदय दमलं होतं. चार गोळ्या होत्या, चारही तिला पाठ, आणि बटवा लाल. एका सकाळी उठलीच नाही. तिच्या ट्रंकेत निळे बटवे सापडले. ताईच्या लग्नानंतर गल्लीतून त्यांना गिऱ्हाईक येऊ लागलं होतं, तरी चार उरले होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतली एक नवी सून आईकडे आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पदराखाली पुडी होती. "काकू, आत्यांचा एखादा लाल बटवा उरलाय का?" तिने दाराकडे बघत विचारलं.

आईने पुडी उघडली, गोळी तळहातावर घेऊन पाहिली. "ही कशाची, ठाऊक आहे तुला?"

मुलीने मान खाली घातली. "ठाऊक आहे. पण घरी छातीची सांगितलंय. सासूबाईंना कळलं तर…"

आईने ट्रंकेतला निळा बटवा काढला, तिच्या हातात दिला आणि तिचा हात मिटून धरला. "लाल मी देणार नाही," ती म्हणाली. "सासूबाईंना उद्या इकडे घेऊन ये. मीच सांगते त्यांना, की मीही घेते."